आफ्रिकेतला गोग्रास

तव्यावरची पहिली पोळी महाराज कधी पानात वाढत नसत. ती बाजूला काढून म्हणत, "ही गायीची. मग तुमची, साहेब. काय वांधो नाही ने?"

वांधो असला तरी ऐकणार कोण! बडोद्याच्या टूरबरोबर स्वयंपाकी जातो आणि त्याला सगळे महाराज म्हणतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. आमचे महाराज तिथल्याच दांडिया बाजारातले, मराठी, पण गोड डाळ अशी करत की गुजराती बायका कृती विचारायला येत. मी त्या कंपनीत टूर मॅनेजर होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लोक हौसेने परदेशी निघाले होते. आमचे शेठही तीस माणसं, खाकऱ्यांचे डबे आणि महाराजांना घेऊन टांझानियाला निघाले. माझी ती पहिलीच परदेशी टूर. ती बिघडली तर नोकरी जाईल, हे शेठनी विमानतळावरच सांगून टाकलं.

तिथल्या ज्या अभयारण्यात आमचा तंबूंचा तळ होता, त्यात माणसंही राहतात. गुराख्यांच्या गायी चरताहेत आणि शेजारी झेब्रे, हे पाहून आम्ही थक्क झालो. महाराज मात्र गायींकडेच बघत होते. "इथे पण आहेत हो!" म्हणताना गाववाला भेटल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

संध्याकाळी तळावरच्या पहारेकऱ्याने मला इंग्रजीत नियम सांगितला. खाण्याचं काहीही तळाच्या कुंपणाबाहेर ठेवायचं नाही. चटक लागलेलं जनावर पुढे गुराख्यांच्या वस्तीत शिरतं, मग माणूस तरी मरतो नाहीतर ते तरी. महाराजांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना सांगणं माझं काम होतं आणि तंबू वाटण्याच्या गडबडीत मी ते साफ विसरलो.

सकाळी महाराजांनी गायींसाठी पोळी कुंपणाबाहेर ठेवली. आली बबून माकडं. पोळी संपवून ती थेट स्वयंपाकाच्या तंबूत घुसली. पहारेकरी भडकला, म्हणाला, आजच्या आज निघा. शेठ माझ्याकडे वळले. "यांना सांगितलं नव्हतंस?"

महाराजांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "साहेबांनी सांगितलेलं, शेठ. मीच भुललो, ध्यानातून गेलं."

मग त्यांनी पहारेकऱ्यापुढे जाऊन कान पकडले. भाषा कळली नाही, पण तो हसला आणि त्याने आम्हाला राहू दिलं. त्या गायी त्याच्याच भावाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो महाराजांना वस्तीवर घेऊन गेला आणि महाराजांनी आपल्या हाताने गायीला पोळी भरवली. टूर निभावली. बडोद्याला परतल्यावर शेठनी महाराजांना काढून टाकलं, आणि मी गप्प बसलो.

त्याच नोकरीवर माझं घर उभं राहिलं, मुली शिकल्या. त्या माणसाचे उपकार आठवले की आजही डोळे भरून येतात. पुढे ते बडोद्यातच फतेगंजात एका खानावळीत राबत. मी विषय काढला की म्हणत, "जाऊ द्या ने साहेब. जेवलात का?"

गेल्या वर्षी महाराज गेले. तेराव्याला मी त्यांच्या मुलीला सगळं खरं सांगितलं. मी उगाच तिची समजूत घालतोय, असं तिला वाटलं.

"नाही हो काका," ती म्हणाली. "बाबा घरी नेहमी सांगायचे, साहेबांनी बजावलं होतं, मीच विसरलो."