धरायचं कुणाला?

परभणीच्या कचेरीसमोर मी अर्ज लिहितो आणि माझा मसुदा सहसा परत येत नाही. गंगाखेडकडच्या एका लहान देवस्थानाचे म्हातारे विश्वस्त माझ्या टेबलापाशी चपला काढून बसले. भंडारा तोंडावर आलेला आणि बँकेने ट्रस्टचे खाते थांबवलेले. ट्रस्टच्या पैशावर खरा ताबा कोणाचा, हे लेखी दिल्याशिवाय खाते सुरू होणार नव्हते. मी ठसठशीत अक्षरात लिहिले, 'श्रीमहादेवाचा', आणि वाचून दाखवले.

म्हातारे हसले. "लय भारी लिवलं, वकीलसाब. पण चेकवर सही माजी हाय, देवाची न्हाई. उद्या काई गफलत निघाली तर देवाला कुटं धरतेत?" कोपरीच्या खिशातून त्यांनी आधार कार्ड काढले. "माजं नाव लिवा."

मी लिहिले. खाते सुरू झाले, भंडाराही झाला.

आता कोणत्याही ट्रस्टची माणसे आली की मी आधी विचारतो, "धरायचं कुणाला?" पुष्कळजण चपला घालून उठतात.