शेवटचा तास

डायलिसिसच्या खोलीत सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे शिंपीमास्तरसुद्धा. एकोणीस वर्षं यंत्रं सांभाळली, पण तिचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी मात्र मास्तर हटूनच बसले. तीन तास झाले होते, चौथा उरला होता.

“सोडा की, ताई. नातीला झगा आज संध्याकाळी घालायचाय, नुसती घेराची शिलाई राहिलीय. मागच्या दोन्ही खेपांना सोडलंत ना?”

“सोडलं, तीच चूक झाली. अंगाला खाज कधीपासून सुटलीय?”

मांडी खाजवणारा उजवा हात मास्तरांनी पटकन मागे घेतला.

“रक्तातला मळ यंत्र भराभर काढतं,” ती म्हणाली. “पण पुष्कळसा पेशींच्या आत दडलेला असतो. पेशीच्या पडद्यातून तो त्याच्या चालीनंच झिरपत रक्तात येतो. तुम्ही आधी उठलात, की तो घरी गेल्यावर बाहेर येणार.”

“मग त्या पडद्याला चार काजं जास्त पाडा.”

“तेवढं कसब असतं तर तुमच्याच दुकानात बसले असते.”

मास्तर हसले, पण नजर पायाशी ठेवलेल्या पिशवीवर होती. ताईने पिशवीतून झगा काढला, स्टूल ओढलं आणि घेर दोन्ही हातांनी ताणून धरला. सुया टोचलेला डावा हात न हलवता मास्तर उजव्या हाताने टाके घालू लागले.

“ओढू नका हो,” जरा वेळाने ते करवादले. “चुणी पडते. सावकाश.”

“बरं, मास्तर,” म्हणत ताईने कापड सैल सोडलं.