हयातीच्या दाखल्यात बिब्बा

मागच्या हिवाळ्यात अकरा दिवस मी जिवंत होतो की नव्हतो, हे अजून कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. मी होतो, असं माझं स्वतःचं मत आहे. पण मी पडलो गणिताचा निवृत्त मास्तर, आणि गणितात मताला मार्क नसतात, तिथे सिद्धता लागते. ती माझ्याकडे नव्हती, आणि का नव्हती म्हणाल, तर मी लाडू करायला गेलो म्हणून!

पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'मी अजून आहे' असं सांगून यावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. यंत्रावर अंगठा लावायचा, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं. त्यांनी ओळखलं की आणखी एक वर्ष तुम्ही हयात. महिन्याभरात नाही ओळखलं, तर पेन्शन बंद. आमची मंदा (म्हणजे आमचं घरचं सरकार) एक तारखेपासून मागे लागली होती, "अवो, जाऊन या ना बँकेत!" आणि मी म्हणत होतो, "अख्खा महिना पडला आहे. मी कुठं पळून चाललो?"

खरं सांगायचं तर अमरावतीचा नोव्हेंबर बँकेत घालवण्यासारखा नसतोच. सकाळी माकडटोपी घालून छत्री तलावाकडे फेरी मारावी, परत येऊन गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसावं, वरूडचं संत्रं सोलावं आणि सालीचा फवारा शेजारच्या खुर्चीतल्या बायकोच्या डोळ्यात उडवावा. (एकदाच उडवला. परत नाही.) मला त्या उन्हात बसलं की कुणाचाही राग येत नाही, शाळेच्या जुन्या हेडमास्तरांचासुद्धा.

त्यात अकोल्याहून आक्काचे डिंकाचे लाडू यायचे. आक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा मला हिनेच वाढवलं. दिवाळी सरली की तिचा डबा येणार म्हणजे येणार. आणि त्या लाडवातली खरी चीज म्हणजे गोडंबी. गोडंबी हा बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा बाहेरून काळाकुट्ट, टणक, आणि त्याच्या सालीत असं जहाल तेल की कातडीला लागलं तर ती उतलीच, म्हणजे फोड येऊन सुजलीच. पण आतला गर असा की बदामाने लाजावं! "आमची आक्का विकतची गोडंबी वापरत नाही बरं का, स्वतः बिब्बे फोडते!" हे मी गेली तीस वर्षं कॉलनीत सांगत आलो होतो. कुणी विचारलेलं नसतानाही.

यंदा डब्याऐवजी आक्काचा फोन आला.

"बापू, औंदा लाडू नाही जमत रे बाप्पा. गुडघे लयच धरले."

इतकी वर्षं खात आलो, एकदा तरी फेड करावी की नाही?

"आक्का, तू काळजी नको करू. औंदा मी करतो लाडू अन् अकोल्याले आणून देतो तुले. बिब्बे फोडण्यापासून सगळं मी करतो!"

आक्का म्हणाली, "बिब्बे? तू कायले फोडतं? ऐक ना, ते..."

"ते काही नाही! तू फोडत होती, आता मी फोडीन!" असं म्हणून मी फोन ठेवला. डोळे पुसायचे होते.

स्वयंपाकघरातून मंदाचा आवाज आला, "आधी बँकेत जा, मंग काय फोडाचे ते फोडा."

एवढं एक वाक्य ऐकलं असतं, तर हे लिहायला विषयच उरला नसता.

किराणा-सुकामेव्याचं दुकान असलेले रशीदभाई माझे जुने दोस्त. त्यांना म्हटलं, "एक किलो बिब्बे द्या." त्यांनी तराजू खाली ठेवला.

"मास्तर, ये बिब्बा है, बदाम नाही. फोडेल गोडंबी हाये ना दुकानात, ते घेऊन जा. फोडणारे लोक वेगळे राहतात, त्याईचे हात वेगळे राहतात."

"रशीदभाई, आमच्या घरात विकतची गोडंबी चालत नाही. आक्का स्वतः फोडते."

"आक्का?" रशीदभाईंनी दाढी खाजवली. "मास्तर, वो आक्का तो..."

"तीस वर्षं!" मी म्हणालो. रशीदभाईंनी वर पाहिलं, काहीतरी पुटपुटले, आणि गुपचूप बिब्बे तोलले. बहुतेक माझ्यासाठी दुआ मागितली असावी.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी बैठक मांडली. मंदाने पाटा-वरवंटा द्यायला साफ नकार दिला, म्हणून दोन विटा घेतल्या. हाताला तेल चोळलं, वर राख माखली. मंदा म्हणाली, "मोजे तरी घाला हातात!" मी म्हणालो, "मोजे घालून कुणी गोडंबी काढते का? लोक हसतील!" (लोक पुढे हसलेच, पण त्याचं कारण मोजे नव्हतं.)

पहिला बिब्बा विटेखालून निसटून शेजाऱ्यांच्या टाकीवर जाऊन आदळला. दुसऱ्याचा गरासकट भुगा झाला. तिसरा मात्र बरोब्बर फुटला आणि त्याची काळी पिचकारी थेट माझ्या नाकाच्या शेंड्यावर! मी ती पुसली. कशाने? त्याच हाताने. मग डाव्या डोळ्याला घाम आला, तोही त्याच हाताने पुसला. मग डाव्या गालावर माशी बसली. गणिताच्या मास्तराने अशी पायरी-पायरीने केलेली चूक तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

संध्याकाळी अर्धी वाटी गोडंबी घेऊन मी मंदापुढे उभा राहिलो.

"पाह्य! झालं काही मले? उगीच भेव दाखवून राहिले होते सगळे."

"उद्या सकाळी बोला," मंदा म्हणाली. बिब्ब्याला उतायला रात्र लागते, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

सकाळी आरशात पाहिलं तर दुसराच कुणी उभा. डावा गाल टम्म, डावा डोळा बंद, नाकाच्या शेंड्यावर पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने करायचे तसली पक्की काळी खूण, आणि उजव्या हाताचा अंगठा आलूबोंड्यासारखा फुगलेला. आयुष्यभर मी फळ्यावर 'डावी बाजू = उजवी बाजू' लिहीत आलो. आता माझ्या स्वतःच्याच तोंडाला ते समीकरण लागू पडेना!

डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. मंदाने कॅलेंडरकडे पाहिलं. महिना संपायला अकराच दिवस उरले होते.

"अन् नाही उतरलं तर? आणखी सुजलं तर? चला आत्ताच बँकेत. आज एक डोळा तरी उघडा हाये!"

बँकेत पेन्शनच्या टेबलावर नितीन होता. माझाच विद्यार्थी. नववीत असताना याने एकदा गणिताचं नुसतं उत्तर लिहिलं होतं, पायऱ्या न लिहिता. मी शून्य दिलं. "सर, उत्तर बरोबर आहे, दिसतेच आहे ना," असं तो म्हणाला, तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर गरजलो होतो, "दिसते म्हणून चालत नाही! सिद्ध करून दाखव!" हे मी विसरलो होतो.

नितीनने मला शाळेपासूनच्या जुन्या मफलरवरून ओळखलं.

"सर! काय झालं हे? पडले काय?"

"बिब्बे फोडले त्याईनं," मंदा म्हणाली. "लाडू खाऊन शंभर वर्षं जगाचं होतं."

नितीनने यंत्र पुढे केलं. मी अंगठा ठेवला. यंत्राने विचार केला आणि लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. अंगठ्यावर रेषा राहिल्याच कुठे होत्या?

"हरकत नाही सर, चेहरा घेऊ." नितीनने मोबाइल समोर धरला. "आता पापण्या लववा. दोन्ही डोळ्याच्या."

मी लववल्या. उजवी लवली, डावी मिटलेलीच राहिली. मोबाइल काही केल्या ऐकेना, म्हणून मी जोर लावून पुन्हा पुन्हा उजवा डोळा उघडझाप करू लागलो. नेमक्या माझ्यासमोर, पलीकडच्या टेबलावर, एक मॅडम बसल्या होत्या. चार-पाच वेळा पाहून त्या उठल्या आणि तावातावाने म्हणाल्या, "काका, वय काय तुमचं? बाजूले बायको उभी हाये!"

"ते डोळा नाही मारून राहिले वं ताई," मंदा म्हणाली. "दाखला काढून राहिले!"

मग शेवटचा उपाय म्हणून कागदाचा फॉर्म आला. उजव्या हाताच्या बोटांत पेन धरता येईना, म्हणून मी डाव्या हाताने सही केली. नितीनने ती जुन्या सहीशेजारी धरली. एक माझी सही होती, दुसरी गोगलगाय चालून गेल्यासारखी.

"नितीन," मी कळवळून म्हणालो, "अरे मी तुझ्यासमोर उभा आहे. बोलून राहिलो. मी जिवंत आहे हे तुले दिसून नाही राहिलं काय?"

नितीन अतिशय आदराने उभा राहिला.

"दिसून राहिलं ना सर. पण दिसते म्हणून चालत नाही. तुमीच शिकवलं. सूज उतरू द्या, मंग सिद्ध करू."

मला त्याचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला, की एवढ्याशा उघड्या डोळ्यातूनही पाणी आलं. आयुष्यात बऱ्याच जणांनी माझ्या कामात बिब्बा घातला, पण माझ्या जिवंतपणात बिब्बा घालणारा मी एकटाच!

घरी आल्यावर मंदाने आक्काला फोन लावला. "आक्का, बँकवाले म्हणतात, हे जिवंत नाहीत..." आणि नेमकी रेंज गेली.

अकोल्याहून अमरावती दोनेक तासांची वाट. आक्का दुपारच्या बसने, दोन्ही गुडघ्यांसकट, दारात हजर! हातात पिशवी, डोळ्यात पाणी, आणि तोंडाने, "बापू! माहा बापू!" मी दार उघडलं. आक्काने माझं तोंड पाहिलं. आधी ती किंचाळली, मग पिशवी खाली ठेवून अशी हसायला लागली की पायरीवरच बसली.

"माकडा! कोणं सांगतलं होतं तुले बिब्बे फोडाले?"

"तू नाही का फोडत आक्का? तीस वर्षं..."

"म्या? म्या काय येडी हावो? एकडाव फोडले होते, लग्न झालं तवा. महिनाभर सासूनं तोंड नाही पाह्यलं माहं. तवापासून विकत आणतो बाप्पा! तुहा रशीदभाईच बसनं पाठोते. म्याच त्याईले म्हटलं होतं, बापूले नका सांगू, त्याले लय कौतिक हाये."

आता माझ्या उजव्या गालालाही रंग चढला, त्यामुळे काही क्षण तरी दोन्ही बाजू सारख्या झाल्या असाव्यात. आक्काने पिशवीतून डबा काढला. लाडू! त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर तिला राहवलं नव्हतं. सुनेला पुढ्यात बसवून, स्वतः खुर्चीवरून हुकूम सोडत करून घेतले होते. विकतच्या गोडंबीचे. एक मला तिने स्वतः भरवला, कारण माझे हात कामाचे नव्हते. सहासष्टाव्या वर्षी बहिणीच्या हातून लाडू खाताना मी इतका सुखात होतो, की दाखल्याची काळजी तेवढा वेळ विसरूनच गेलो.

आक्का मग महिना संपेपर्यंत राहिलीच. गच्चीवर तिघांच्या खुर्च्या लागल्या. ती गुडघे शेकायची, मी गाल गार ठेवायचो, आणि मंदा दोघांना संत्री सोलून द्यायची. येणारा-जाणारा प्रत्येकजण सूज किती उतरली ते बघायला थांबायचा. माझ्या अर्ध्या वाटी गोडंबीचं काय करायचं, हा प्रश्न होता. आक्काने ती हुंगली आणि म्हणाली, "विटेचा चुरा हाये याच्यात."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. अंगठ्याची साल निघत होती, तो यंत्राला अजून नापसंतच होता. पण डोळा उघडला होता. नितीनने मोबाइल धरला. मंदाने श्वास धरला. आक्काने माझी बाही धरली. मी दोन्ही पापण्या लववल्या. मोबाइलवर गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली!

"डावी बाजू बरोबर उजवी बाजू," नितीन उभा राहून म्हणाला. "सिद्ध झालं, सर!" पलीकडच्या मॅडमनीही टाळ्या वाजवल्या.

मी छापलेला दाखला छाती फुगवून मंदापुढे धरला. तिने चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, माझ्या नाकावरच्या काळ्या खुणेकडे पाहिलं आणि नितीनला विचारलं, "जिवंत हायेत, ते समजलं बाप्पा. पण अक्कल हाये, याचा दाखला कुठं मिळते?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या आशेने त्याच्याकडे पाहिलं.

"मिळते ना काकू," तो म्हणाला, "पण त्याले पुरावा लागते."