चौकोनामागचं अक्षर

आमच्या मोडीच्या वर्गातल्या सुलभाताई रोज सकाळी ग्रुपवर मोडी लिपीत एक शब्द टाकतात. आपण तो देवनागरीत लिहून द्यायचा. आज माझ्या फोनवर नुसते तीन रिकामे चौकोन आले. बाकी कुणी तक्रार करेना, तेव्हा ही माझीच थट्टा चाललीय असा मला संशय आला. मी तेच चौकोन उचलून ताईंना पाठवले आणि विचारलं, "हे काय?"

"अहो, 'गवत'! मला तर स्पष्ट दिसतंय."

मग त्यांनीच समजावलं. फोन अक्षर नेतच नाही. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरलेला असतो, तेवढाच इकडून तिकडे जातो. चेहरा ज्याच्या त्याच्या फोनने काढायचा. माझ्या फोनला मोडीचे चेहरे ठाऊक नाहीत, म्हणून चौकोन.

चौकोन निदान प्रामाणिक तरी. मला कळलं नाही, असं तोंडावर सांगतो. संशय घ्यायचा तर तो धड दिसणाऱ्या अक्षरांचा घ्यावा.

तेवढ्यात परगावी राहणाऱ्या लेकीचा रोजचा मेसेज आला, 'मजेत आहे.' एकही चौकोन नव्हता. मी तो दोनदा वाचला आणि तिला फोन लावला.