लपवलेला स्विच

माझ्या पनवेलच्या स्पेअरपार्टच्या दुकानात नेऱ्याचा एक शेतकरी नेहमी यायचा. कुठलाही पार्ट घेण्याआधी तो कानाशी धरून हलवायचा, आणि बोलताना मध्येच "हाय का नाय?" असं स्वतःलाच विचारायचा.

एकदा त्याने जुन्या जीपसाठी इग्निशन स्विच मागितला. मी तीन-चार काढून दाखवले. त्याने त्यातला सगळ्यात लहान उचलला. "हा डॅशबोर्डखाली दिसणार नाय, हाय का नाय?"

"जुन्याच्या जागी मोठाच बसेल," मी म्हटलं.

"जुना तिथंच ठेवायचाय. त्याच्या वायरी काढून फक्त याला जोडणार. बाबांना आता दिसत नाय, पण गाडी सोडवत नाय. आमी सांगून थकलो. परवा शाळेच्या कुंपणात घातली."

पुढे त्याच्याकडे गेलो, तेव्हा म्हातारा जीपमध्ये बसून जुनी चावी पुन्हा पुन्हा फिरवत होता. "बॅटरी उतरली रे," तो वैतागून म्हणाला.

"उद्या चार्ज करून आणतो, बाबा," हा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्याने बॉनेट उघडलं आणि उगाचच आत वाकून राहिला.