नावाचं कडवं

आर्वीला माझ्या पहिल्या कवितासंग्रहाचं प्रकाशन होतं. पुढच्या रांगेत पाहुणे, आणि त्यांच्या मागे आमच्या गावचे काका. यांना कोणी बोलावलं?

काका म्हणजे काही रक्ताचे नव्हेत. वांगी-मिरची पिकवून बाजारात विकणारे आणि गावच्या भजनमंडळासाठी पदं रचणारे. लिहिता-वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ. लहानपणी मी त्यांच्या मागे बसून टाळ वाजवायची. आमच्याकडे पद रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. ते कडवं म्हटल्याशिवाय पद पुरं झालं असं कोणी मानत नाही.

आणि मी काय केलं होतं? त्यांचं एक पद उचललं, देवाच्या जागी माती घातली, दोन-चार शब्द फिरवले आणि नावाचं कडवं कापून टाकलं. प्रभाव आहे म्हणून स्वतःची समजूत घातली. डोंबलाचा प्रभाव! सरळ सरळ चोरी होती. काकांना वाचता येत नाही, याच भरवशावर मी निवांत होते.

अध्यक्षांनी नेमकी तीच कविता वाचायला सांगितली. म्हणे, संग्रहातली सर्वांत अस्सल कविता! दुसरी वाचू का, असं मी पुटपुटले, तर लोक हसले. त्यांना वाटलं लाजतेय. दुसऱ्या ओळीला काका ताठ बसले. तिसऱ्या ओळीपासून त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले. आता उठतील, आता बोलतील, आता सगळ्यांसमोर माझी अब्रू जाईल. कशीबशी कविता संपवली. टाळ्या पडल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. ते अजून ऐकत होते.

कार्यक्रमानंतर ते जवळ आले. मी पटकन पाया पडले. दुसरं काही सुचलंच नाही.

"चांगलं म्हटलं पोरी. पण मधातच थांबली काऊन? नावाचं कडवं राह्यलं ना."

खरं सांगायला तोंड उघडलं. पण शेजारी अध्यक्ष उभे होते, आणि मी इतकी घाबरले होते की काय सांगू!

"नाई काका, एवढंच आहे थे."

काकांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून पाहिलं.

"असन बाप्पा. मंग मीच भुललो असन."

परवा आईचा फोन आला. सांगत होती, काका आता ते पद नावाच्या कडव्याआधीच थांबवतात.