बँकेच्या कागदावरची भाची

आजोबांनी बँकेत चौतीस वर्षं काढली. घरात त्याचा एवढा डंका पिटला गेला, की जणू बँक यांच्याच खांद्यावर उभी होती. रुजू झाले कारकून, निवृत्त झाले थोरले कारकून. मधल्या काळात वाढलं ते पोट आणि कुटुंब. नातीनं बँकेच्या जुन्या दप्तरातून त्यांची फाइल मिळवली, तेव्हा तिला आधी हसूच आलं. साहेबांचे शेरे वर्षानुवर्षं तेच: 'वक्तशीर. अक्षर सुवाच्य. उलट बोलत नाही.'

पण ती हसायला आली नव्हती. तिच्या मोठ्या आत्यानं, आजोबांच्या थोरल्या लेकीनं, तिला एका कागदासाठी पाठवलं होतं. आत्या नव्वदीला टेकली होती.

तेव्हा बँकेचा नियम असा, की ठरावीक पगार होईपर्यंत कारकुनानं साहेबांच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. आजोबांनी अर्ज केला, साहेबांनी तो फेटाळला. दुसरा कोणी भांडला असता, नोकरी सोडली असती, नाहीतर मुकाट थांबला असता. आजोबांनी तिन्ही टाळलं. गुपचूप लग्न उरकलं, बायकोला माहेरीच ठेवलं आणि बँकेत सडाफटिंग म्हणून मिरवत राहिले. परवानगी मिळाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. आता लग्न कागदावर आलं, पण एवढी मोठी मुलगी कागदावर कुठून आणणार? आजोबांची पाचावर धारण बसली.

"बहिणीची मुलगी आहे, आम्हीच सांभाळतो," त्यांनी बँकेत ठोकून दिलं. त्यांना बहीणच नव्हती.

पुढं चार मुलं झाली. चौघांचीही नावं जन्मतारखेसकट, त्याच सुवाच्य अक्षरात, फाइलमध्ये आहेत. बँकेतलं कोणी घरी आलं, की थोरलीनं बापाला 'मामा' म्हणायचं, चहा आणायचा आणि फोटोच्या वेळी बाजूला व्हायचं. चुकून तोंडातून 'बाबा' गेलं, तर पाहुणे गेल्यावर बोलणी खायची. असल्या माणसाचा फोटो घरानं दिवाणखान्यात टांगलाय!

आणि एवढं होऊन त्यांच्या बाजूनं बोलायची ती आत्याच.

"रिटायर होताना दुरुस्तीचा अर्ज दिलाय त्यांनी," ती सांगायची. "मला स्वतः म्हणाले, 'पोरी, तुझं नाव लावून आलो.' तेवढा कागद मला आणून दे."

अर्ज खरंच होता, फाइलच्या अगदी शेवटी. 'कुटुंब' या रकान्यात आजोबांनी लिहिलं होतं, 'बदल नाही.' 'पत्ता' या रकान्यात, 'घर क्रमांक चौदा नसून चौदा-अ.' खाली ऐटबाज सही.

नातीच्या अंगाचा तिळपापड झाला. कागद गहाळ झाला म्हणून सांगायचं, असं तिनं वाटेत ठरवलं. पण आत्या दारातच हात पुढं करून उभी होती, आणि तिच्याशी या घरात पुरेसं खोटं बोलून झालं होतं. नातीनं कागद दिला.

आत्यानं भिंग धरून तो दोनदा वाचला.

"चौदा-अ," ती म्हणाली. "ते घर तर आम्ही त्याच महिन्यात सोडलं."

आत्यानं कागदाची नीट घडी घातली.

"तुझा बाप त्यांना भेकड म्हणाला होता. तेवढ्यावरून मी त्याच्याशी बोलणं टाकलं," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ गं. तो गेला, तरी मी आले नाही."